मागील ठरावावरील कार्यवाही

पद्मजा गेली त्या गुरुवारी गंगाधर चौबळ दुपारी दोन वाजेपर्यंत घेवडा मोडत बसले होते. घेवडा जून निघाला होता. शिरा काढताना नखं दुखत होती, आणि बायको घरी आल्यावर तिला ऐकवायचं वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं: भाजीवाल्याने तुला पुन्हा गंडवलं. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडचा माणूस पोलीस चौकीतून बोलत होता. त्याने आधी नाव विचारलं, मग नातं विचारलं, मग म्हणाला, "बाबा, घरात दुसरं कोणी आहे का?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा पुष्कर सिंगापूरला होता.

परळला उड्डाणपुलाखालच्या बसथांब्यावर ती खाली बसली होती आणि बसल्याबसल्याच कलंडली होती. लोकांनी टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली होती, बारा पन्नास. गंगाधररावांनी पस्तीस वर्षं विमा कंपनीत कारकुनी केली होती. कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख आणि वेळ बघायची, मजकूर मग, अशी त्यांची सवय. त्या दिवशीही त्यांनी आधी वेळच बघितली, आणि नंतर बराच वेळ त्यांना याची लाज वाटत राहिली.

रात्री पाणी काढायला ते उठले तेव्हा फ्रिजवर तिचा चष्मा दिसला. विसरून गेली होती. त्यांनी तो चष्म्याच्या डबीत घालून खणात ठेवला. हे कोणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नाही.

लालबागच्या यमुताई कन्या शाळेतून पद्मजाबाई निवृत्त झाल्या त्याला दहा वर्षं झाली होती. तरी दर गुरुवारी त्या दादरहून बसने शाळेत जायच्या. तिथलं कन्यामंडळ त्यांनी उभं केलं होतं. आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गातून निवडून आलेल्या चौदा मुली, त्यातली एक अध्यक्षा, एक चिटणीस. वेळापत्रकात त्या तासाचं नाव 'समूहजीवन' होतं. इतर शाळांत अशा तासाला मुली गृहपाठ उरकतात. इथे संडासाच्या तुटलेल्या कडीपासून ते डबा खाताना नेहमी एकटी बसणाऱ्या मुलीपर्यंत सगळ्यावर चर्चा व्हायची, मत पडायचं, ठराव व्हायचा आणि तो वहीत लिहिला जायचा. पद्मजाबाई म्हणायच्या, "पुढारीपण भाषणात नसतं गं. ठरवलेलं केलं का, हे पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारणारं असलं पाहिजे." म्हणून प्रत्येक सभेचा पहिला विषय एकच असायचा: मागील ठरावावरील कार्यवाही.

बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपून पुष्कर परत गेला आणि शाळेच्या मुख्याध्यापिका सीमाबाईंचा फोन आला. मंडळाच्या खोलीतल्या कपाटात बाईंच्या वस्तू आहेत, सवडीने घेऊन जा. गंगाधररावांना सवडच सवड होती. जायचं ते मंगळवारी ठरवलं होतं, पण मंगळवारी पायात गोळा आला, बुधवारी प्लंबर यायचा होता. गेले ते गुरुवारी.

शाळेच्या मागे पूर्वी गिरणीची भिंत होती. आता चाळीस मजल्यांचा टॉवर आहे, आणि दुपारी एक वाजता त्याची सावली पटांगणावर येते. मुली त्या सावलीच्या कडेने लंगडी खेळतात. मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. एक लांब टेबल, दोन बाकं, एक हाताची खुर्ची, एक लोखंडी कपाट. खोलीला खडू, शाई आणि डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याचा वास होता. कपाटातून एक शाल, मलमाची बाटली, पाय टेकायचा लाकडी पाट आणि तिच्या अक्षरातले कागद निघाले. ते पिशवीत भरत असताना त्यांना टेबलावरची इतिवृत्ताची वही दिसली.

चांगली वही दिसली की कारकुनाला ती उघडावीशी वाटतेच. अक्षर स्वच्छ, समास सोडलेला, विषयांना क्रमांक, प्रत्येक सभेच्या शेवटी सीमाबाईंची सही आणि 'पाहिले'. गंगाधररावांनी पद्मजाच्या शेवटच्या गुरुवारचं पान काढलं.

सभेची वेळ दुपारी १.३०. अध्यक्षस्थानी पद्मजाबाई. उपस्थिती १४.

त्यांना क्षणभर चमकल्यासारखं झालं आणि मग हसू आलं. ही युक्ती त्यांना माहीत होती. कचेरीत तेही असंच करायचे. सभा व्हायच्या आधीच वरचा मजकूर लिहून ठेवायचा, कोण येणार ते ठरलेलंच असतं. एकदा तर साहेब रजेवर असताना यांनी त्यांच्या तोंडी आभाराचं भाषण लिहून ठेवलं होतं. या पोरीनेही तेच केलं असणार आणि नंतर खोडायचं राहून गेलं असणार.

पण खाली लिहिलं होतं: 'बाईंनी सांगितले की आज चष्मा घरी राहिला आहे, तरी मागील इतिवृत्त चिटणीसने मोठ्याने वाचावे. त्याप्रमाणे वाचण्यात आले.'

गंगाधरराव खाली बसले. खुर्चीत नाही, बाकावर.

पुढचं पान पुढच्या गुरुवारचं. त्या दिवशी घरात सुतक होतं. अध्यक्षस्थानी पद्मजाबाई. उपस्थिती १४. संडासाची कडी बसली. पाचवीच्या मुलींना जिन्यात ढकलाढकली होते, त्यासाठी मोठ्या वर्गातल्या दोन-दोन ताया उभ्या कराव्यात. त्याच्या पुढचं पान गेल्या गुरुवारचं. विषय तीनपाशी त्यांचं बोट थांबलं.

'विषय क्र. ३. सन १९९८ च्या निवडणुकीची फेरमोजणी. बाईंनी सांगितले की हा विषय पुढच्या गुरुवारी घेऊ. मोजणारे गृहस्थ त्या दिवशी येतील.'

आणि खाली सही. पाहिले.

ते वही घेऊन खाली सीमाबाईंकडे गेले. सीमाबाईंनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"काका, खरं सांगू? मी सही न वाचताच करते. आठवड्याला चाळीस वह्या येतात."

"ते राहू दे. ही मुलगी कोण?"

"प्रिती. नववी ब. गुणी आहे हो. वडील डोंबिवलीहून येऊन इथे वॉचमनचं काम करतात." त्यांनी वही मिटली. "मुलींना बाईंची फार सवय होती. एखादीच्या मनाने घेतलं असेल. आपण समुपदेशक बोलावू या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि हे अठ्ठ्याण्णवचं काय आहे?"

"काही नाही," गंगाधरराव म्हणाले.

ते काही नव्हतं असं नव्हतं.

पूर्वी मंडळाच्या अध्यक्षेसाठी सगळी शाळा मत द्यायची, आणि ते चिठ्ठीवर नाही, चिंचोक्याने. चिठ्ठीवर अक्षर ओळखू येतं, मग मैत्रिणी मैत्रिणींना छळतात, असं पद्मजाबाईंचं म्हणणं. फळ्यामागे पत्र्याचे दोन डबे, तळाला फडकं, म्हणजे आवाज येऊ नये. प्रत्येक मुलीने मूठ दोन्ही डब्यांत घालायची आणि चिंचोका एकातच सोडायचा. मोजायला शिक्षक नकोत, बाहेरचा माणूस हवा. तो बाहेरचा माणूस म्हणजे गंगाधरराव. दर वर्षी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते यायचे, बंद खोलीत मोजायचे, बाहेर येऊन आकडे वाचायचे, आणि मुली टाळ्या वाजवायच्या. वर्षातून एकदा त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

अठ्ठ्याण्णव साली दोघी उभ्या होत्या. छत्री या चिन्हावर केतकी प्रधान. ती यांच्याच इमारतीतली. तिचे वडील जिन्यात भेटून म्हणाले होते, "बघा हो चौबळ, पोरीचा जीव लागलाय." आणि घंटा या चिन्हावर संघमित्रा सकपाळ. वरळीच्या बीडीडी चाळीतली, आई शेवंतीबाई इस्पितळात आया. घंटेच्या डब्यात एकशे एकतीस चिंचोके निघाले. छत्रीच्या डब्यात एकशे अठ्ठावीस.

गंगाधररावांनी घंटेच्या डब्यातून दोन चिंचोके उचलले आणि छत्रीच्या डब्यात टाकले. बेरीज तीच राहिली. कोणी पुन्हा मोजलं असतं तरी चूक सापडली नसती.

पुढे कित्येक वर्षं ते स्वतःला सांगत आले की शेजाऱ्याचं मन मोडवेना म्हणून केलं. ते खोटं होतं. त्याच महिन्यात कचेरीत बढतीची यादी लागली होती, त्यात यांचं नाव नव्हतं आणि राखीव जागेवरच्या एका तरुण मुलाचं होतं. तो मुलगा कामात यांच्यापेक्षा सरस होता, हेही त्यांना माहीत होतं. घंटेचा आकडा पाहिल्यावर त्यांच्या मनात जे वाक्य आलं ते असं: आता इथेही हेच का? चौदा वर्षांच्या पोरीबद्दल हे वाक्य त्यांच्या मनात आलं आणि त्यांचा हात पुढे झाला. हात किंचितही थरथरला नव्हता. हे त्यांना सगळ्यात जास्त लक्षात होतं.

आकडे वाचल्यावर संघमित्राने केतकीला मिठी मारली होती. मग सगळ्या मुलींबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या, सगळ्यांपेक्षा थोड्या जास्त वेळ.

पुढच्या वर्षी पद्मजाने चिंचोके बंद केले. मोजायला दोन मुली बसवल्या. गंगाधररावांना म्हणाली, "तुमची रजा उगाच फुकट जाते." तिला कळलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं एका ताटलीतली पोळी तोडून खाल्ली, पण विचारलं नाही.

दीडची घंटा झाली. गंगाधरराव जिन्याकडे वळले ते खाली उतरायला, आणि वही घेऊन वर चढले.

मुली आल्याच होत्या. टिफिन हातात, वेण्या सुटलेल्या, सगळ्या एकदम बोलत होत्या.

"ए रुचा, सरक ना यार, पूर्ण बाक काय तुझ्या पप्पांचा आहे?"

"माझ्या पप्पांचा असता तर तुला बसूच दिलं नसतं."

"काका, तुम्ही बाईंचे मिस्टर ना? बसा ना. लोणचं घ्या. मनूच्या आजीचं आहे, ठसका लागेल पण घ्या."

अध्यक्षा रुचा होती, उंच, चष्म्याची. चिटणीस प्रिती टेबलाच्या टोकाला बसली होती, किरकोळ, डावरी. गंगाधररावांनी तिच्याशेजारची जागा धरली आणि हळूच विचारलं, "बाळ, हे जे तू लिहितेस, बाई म्हणाल्या, बाई म्हणाल्या... ते तू मनाने लिहितेस का?"

तिला राग आला. "मनाने कसं लिहीन? मनाने लिहिलं की बाई पान फाडायला लावतात. ऐकलं तेच लिहायचं."

"पण बाई कुठे बसल्यात ते बघतेस का?"

"लिहिताना मान वर नाही करायची, काका. मान वर केली की पुढचा शब्द सुटतो. तुम्ही ऑफिसात होता ना? तुम्हाला माहितीये की."

त्यांना माहीत होतं.

सभा सुरू झाली. हाताची खुर्ची रिकामी होती. कोणी तिच्यावर दप्तर ठेवलं नव्हतं, एवढंच. पाचवीच्या जिन्यावर ताया उभ्या राहतात, पण त्यातल्या एकीने मुलीचा कान पिरगाळला, तिला बोलावून विचारायचं ठरलं. नवी आलेली सानिया डबा खाताना एकटी बसते, तिच्याजवळ रोज एकेकीने बसावं असं कोणीतरी म्हणालं. त्यावर मनू म्हणाली, "टर्न लावून बसलो तर तिला कळणार नाही का? मला कोणी टर्न लावून मैत्री केली तर मी डबाच फेकून मारीन." सगळ्या हसल्या. गंगाधररावही हसले. पद्मजा दर गुरुवारी संध्याकाळी हे सगळं त्यांना सांगायची आणि ते टीव्हीचा आवाज कमी न करता ऐकायचे.

मग रुचा म्हणाली, "विषय तीन."

आणि खोली गप्प झाली.

ती शांतता साधी होती. घरातलं मोठं माणूस बोलत असताना लहानांनी गप्प राहावं, तशी. एका मुलीने घास गिळायचा थांबवला. दुसरीने मान डोलावली. खालून पटांगणातला ओरडा येत होता. टॉवरची सावली खिडकीच्या गजांपर्यंत आली होती.

गंगाधररावांना काहीही ऐकू येत नव्हतं.

प्रितीचं पेन चाललं होतं.

ओळीमागून ओळ. मध्ये थांबत होतं, बोलणाऱ्याने श्वास घेतला की थांबतं तसं. पुन्हा चालत होतं.

"हो बाई," कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाली.

प्रिती सोडून सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले. त्यात राग नव्हता. इयत्ता नववीच्या मुली उत्तराची वाट बघताना जशा बघतात, तशाच बघत होत्या.

त्यांनी वहीत डोकावलं. 'मोजणाऱ्या गृहस्थांनी सभेला सांगावे.'

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. समोर मुलीच होत्या. त्यातली एकही संघमित्राला ओळखत नव्हती.

"फार जुनी गोष्ट आहे," ते म्हणाले. "मला काही आठवत नाही."

प्रितीने लिहिलं: 'श्री. चौबळ यांनी सांगितले की त्यांना आठवत नाही.'

पेन जागचं उचललं गेलं नाही. त्याच ओळीला जोडून तिने लिहिलं: 'घंटा १३१. छत्री १२८.'

या दोन आकड्यांची कुठेही नोंद नव्हती. या जगात ते एकाच माणसाने वाचले होते.

'ठराव. श्री. चौबळ यांनी श्रीमती संघमित्रा सकपाळ यांना समक्ष भेटून हे सांगावे. सूचक पद्मजाबाई. अनुमोदक कु. रुचा.'

"बाजूने?" रुचाने विचारलं.

हात वर झाले. गंगाधररावांनी मोजले, कारण मोजणं त्यांना जमत होतं. चौदा होते. पुन्हा मोजले. चौदा.

'ठराव मंजूर,' प्रितीने लिहिलं. 'बाजूने १५.'

पत्ता सीमाबाईंकडच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत मिळाला. सीमाबाईंनी कारण विचारलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की समुपदेशक येऊन गेल्या, मुली ठणठणीत आहेत, उलट त्यांनीच समुपदेशकांना लोणचं दिलं.

गंगाधरराव सोमवारी सकाळी वरळीला गेले. जुन्या चाळीच्या जागी नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. संघमित्राला घर मिळून थोडेच महिने झाले होते. खाली चकचकीत लादीवर लोक अजून चपला काढाव्यात की नाही या विचारात उभे राहत होते. ते लिफ्टपाशी गेले. आठव्या मजल्याचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"सर? तुम्ही पद्मजाबाईंचे मिस्टर ना?"

त्यांच्यामागे एक चाळिशीची बाई उभी होती. हातात भाजीची पिशवी, गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र. कपाळावर आलेले केस तिने मनगटाने मागे सारले, आणि त्या हालचालीवरून त्यांनी तिला ओळखलं.

"मी संघमित्रा. कळलं मला ग्रुपवर. यायला पाहिजे होतं हो सर, पण आईचं डायलिसिस, वर हे नवीन घर... वर चला ना. चहा घेऊ. आई खूश होईल, बाईंचं नाव रोज काढते."

"नको. इथूनच जात होतो. सहज थांबलो."

ती हसली. वरळीला आठव्या मजल्याच्या लिफ्टसमोर कोणी सहज थांबत नाही, हे तिला कळत होतं. तिने पिशवी खाली ठेवली.

"सर, एक विचारू? राग नका मानू. बाई मला दर वर्षी फोन करायच्या. वाढदिवसाला वगैरे नाही, जुलैमध्ये. शाळेत मंडळाची निवडणूक असायची ना, त्या दिवशी. एकदा तर माझी माफी मागितली त्यांनी. मी म्हटलं, बाई, कशाबद्दल? तर म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही, सांगणारा माणूस दुसरा आहे. तो सांगेल, मी वाट बघत्ये." तिचा आवाज किंचित बदलला. "मी खूप विचार केला. काहीच लक्षात येत नाही. आता राहूनच गेलं ते. तुम्हाला काही बोलल्या होत्या का?"

याहून सोपं काय असणार होतं? तिनेच दार उघडून धरलं होतं.

"नाही," गंगाधरराव म्हणाले. "मला काही बोलली नाही."

"असू दे," संघमित्रा म्हणाली, आणि सासऱ्याला समजवावं तसा तिने त्यांचा दंड हलकेच थोपटला. "तब्येतीला जपा सर. वाळलात."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. पद्मजाला माहीत होतं. सत्तावीस वर्षं माहीत होतं, आणि तिने त्यांच्या कपड्यांना इस्त्री केली, त्यांची पथ्यं सांभाळली, आणि वाट पाहिली. कधी एक शब्द टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण त्यांना खरी लाज वाटली ती पुढच्याच विचाराची. लिफ्टसमोर त्यांची जीभ भीतीने अडली नव्हती. त्यांच्या मनात हिशेब झाला होता, त्या दिवशी चिंचोक्यांपाशी झाला होता तसाच चटकन: आज सांगितलं तर ठरावावर कार्यवाही पूर्ण होईल. विषय संपेल. मग गुरुवारी ती कशाला येईल?

गुरुवारी ते दीडच्या आधीच शाळेत पोहोचले. मुलींनी त्यांच्यासाठी बाकावर जागा ठेवली होती. वरळीला गेल्याचं त्यांनी कोणाला, पुष्करलाही, सांगितलं नव्हतं. रुचाने विषय एक पुकारला, खोली गप्प झाली, आणि त्यांनी प्रितीच्या हाताखाली उमटणारी अक्षरं वाचली.

'मागील ठरावावरील कार्यवाही. श्री. चौबळ वरळीला गेले. लिफ्टपर्यंत पोहोचले. श्रीमती सकपाळ यांनी स्वतः विचारले. श्री. चौबळ यांनी सांगितले नाही. विषय पुढे चालू ठेवण्यात येत आहे.'

त्यांना दुःख व्हायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि रिकाम्या खुर्चीच्या दिशेने तोंड करून बसून राहिले. तिच्या साडीला असायचा तो मलमाचा वास येतो का ते पाहिलं. नाही आला.

तेव्हापासून ते एकही गुरुवार चुकवत नाहीत. डब्यात मुलींसाठी काहीतरी नेतात. मनू त्यांना आजोबा म्हणते. सानियाला मैत्रीण मिळाली, टर्न न लावता. सीमाबाई आता सही करण्याआधी वाचतात, आणि वाचून त्यांच्याकडे बघत नाहीत. पहिल्या विषयाखाली दर आठवड्याला तीच ओळ येते: कार्यवाही नाही.

मागच्या महिन्यापासून त्या ओळीखाली आणखी काही येऊ लागलं आहे. पहिल्यांदा होतं, 'बाईंना जिना चढून दम लागला होता.' नंतरच्या आठवड्यात, 'बाईंचे बोलणे मध्ये मध्ये ऐकू आले नाही, तेवढी जागा सोडली आहे.' प्रितीने खरंच जागा सोडली आहे, बोटभर, दोन बोटं, मग अर्धी ओळ. गेल्या गुरुवारी गंगाधररावांनी तिला विचारलं की बाई नीट बसलेल्या असतात ना. प्रितीने वहीवरून मान वर केली नाही.

"बसत नाहीत, आजोबा. मागच्या महिन्यापासून उभ्याच असतात. बसा म्हटलं की म्हणतात, काम झालं की बसेन."

पद्मजाचे दोन्ही गुडघे गेलेले होते. डॉक्टरांनी तिला दहा मिनिटांच्या वर उभं राहू नको असं सांगितलं होतं.

आज पुन्हा गुरुवार आहे. गंगाधररावांनी डब्यात मुलींसाठी नारळाच्या वड्या भरल्या आहेत. बस शाळेवरून पुढे वरळीला जाते. तिकीट लालबागचं काढलं आहे.

संघमित्रा सकपाळ यांना अजून सांगितलेलं नाही.